पुलाखालची वाट

आमच्या नववीच्या वर्गाची सहल यंदा पेंचच्या अरण्यात जाऊन आली. सहलीचे साद्यंत वर्णन, म्हणजे कोण कोठे घसरले आणि कोणाच्या डब्यातील पुऱ्या वानरांनी पळविल्या, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच दुसऱ्या एका लेखात दिले आहे, आणि ते आमच्या हातून याहून सरस उतरले नसते. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्या अरण्याकडे जाणाऱ्या रस्त्याविषयी. बसमध्ये सर्व मंडळी गाणी म्हणत असता सर मात्र खिडकीबाहेर पाहत गप्प का बसले होते, असे एका विद्यार्थिनीने परत आल्यावर आम्हांस विचारले. डोके दुखत होते, असे आम्ही सांगितले. ते खरे नव्हते. खरे काय ते येथे सांगतो.

नागपूरहून उत्तरेस निघालेला हा रस्ता कामठी, मनसर, देवलापार ही गावे मागे टाकीत खवाशास मध्यप्रदेशात शिरतो व पुढे सिवनीस जातो. पूर्वी यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत असत; हल्ली त्याचा क्रमांक ४४ आहे, आणि श्रीनगरापासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा देशातील सर्वांत लांब महामार्ग होय. मनसर सुटले व रामटेकची टेकडी उजव्या हातास मागे राहिली की सागाचे रान लागते. डाव्या अंगास पेंचचे राष्ट्रीय उद्यान, जे १९७५ साली घोषित झाले व १९९९ साली व्याघ्रप्रकल्प झाले. उजव्या अंगासही रानच. ज्या नदीवरून उद्यानाचे नाव पडले ती पेंच नदी, आणि मोगलीची कथा ज्या डोंगरांत कल्पिली ते सिवनीचे डोंगर, ही सर्व भूमी मुळात एक आहे. रस्ता तिच्या मधून गेला आहे. आम्ही मनुष्ये म्हणतो की रस्त्याच्या दोहों बाजूंस जंगल आहे. तेथील जनावरांस बोलता आले असते तर जंगलाच्या मध्येच रस्ता आहे असे ती म्हणाली असती.

सन २०११ च्या हिवाळ्यात सिवनीस आमच्या आतेबहिणीच्या मुलीचे लग्न होते. पंगती उठेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पहिलाच तास आमचा, आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिका वाटावयाच्या होत्या. आतेबहीण राहण्याचा आग्रह करीत होती. आम्ही तो मोडून भाड्याच्या गाडीत बसलो. गाडीवान वयस्कर व जपून चालविणारा होता. आम्हीच त्यास दोनदा म्हणालो, “भाऊ, जरा लवकर चला.” रस्ता त्या वेळी अरुंद होता, समोरून मालमोटारी येत होत्या, आणि एक मालमोटार मागे पडल्यावर गाडीवानाने आमच्या शब्दाला मान देऊन वेग वाढविला. वळणावर दिव्याच्या झोतात एक चितळाची मादी उभी दिसली. ती पळाली नाही. अंधारास सरावलेल्या डोळ्यांवर एकाएकी प्रखर प्रकाश आला म्हणजे हरणास पुढचे काही दिसेनासे होते व ते जागीच खिळते, हे शास्त्र आम्हांस पुढे कळले. त्या क्षणी आम्हांस एवढेच वाटले की ही हलत का नाही! धक्का फार मोठा लागला नाही. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. गाडीवान म्हणाला, “साहेब, उतरून पाहू का?”

आम्ही म्हणालो, “काही नाही, चला. सकाळी शाळा आहे.”

त्याने पुन्हा विचारले नाही. नागपूर येईपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर शाळेत पोहोचलो, प्रार्थनेस उभे राहिलो व उत्तरपत्रिका वाटल्या. त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी कोणता उतारा वाचला गेला हे आम्हांस आठवत नाही. गाडीवानास पैसे देताना गाडीच्या पुढील पत्र्यात चिकटलेले चार तांबूस केस दिसले, ते मात्र आठवतात. ती मादी मेली की उठून रानात गेली, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कारण ते जाणून घेण्यास जी दोन मिनिटे लागली असती ती आम्ही दिली नाहीत.

या गोष्टीनंतर रस्ते व वन्यप्राणी यांविषयी जे मिळेल ते आम्ही वाचू लागलो. प्रथम आमची समजूत अशी होती की रस्त्याचा अपराध एवढाच, की त्यावर जनावरे चिरडली जातात. तो अपराध लहान नव्हे. बोरच्या रानातील ‘बाजीराव’ या नावाने ओळखला जाणारा उमदा वाघ २०१७ च्या डिसेंबरअखेरीस बाजारगावनजीक नागपूर–अमरावती महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने मेला, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. परंतु जे जनावर रस्त्यावर येऊन मरते ते निदान दिसते. जे रस्त्याच्या काठापर्यंत येते, वाहनांची अखंड रांग व गर्जना पाहते आणि माघारी वळते, ते कोणासच दिसत नाही. वाघाचा बच्चा दीड-दोन वर्षांचा झाला की आईस सोडून स्वतःसाठी मुलूख शोधू लागतो. त्यासाठी तो कैक कोस चालतो. पेंचचा वाघ कान्हाकडे जातो, कान्हाचा इकडे येतो, आणि या येण्याजाण्यामुळेच दोन्हीकडच्या वंशांत नवे रक्त मिसळते. ही वाट बंद झाली म्हणजे प्रत्येक जंगल एक बेट बनते. बेटावरील प्राणी आपसांतच संबंध करीत राहतात, पिढ्यांमागून पिढ्या वंश दुबळा होत जातो, आणि एखाद्या रोगाने तेथील कुळ बुडाले तर बाहेरून येऊन ती जागा भरून काढणारे कोणी उरत नाही. गोळी न झाडता, विष न घालता, केवळ एका डांबरी पट्ट्याने हे घडू शकते.

म्हणून हा रस्ता चौपदरी करण्याचे ठरले तेव्हा मोठा वाद माजला. प्रकरणे न्यायालयांत गेली, झाडे तोडण्यावरून तक्रारी झाल्या, कामे अडली. प्रवाशांनी खड्ड्यांना शिव्या दिल्या. जंगलप्रेमी मंडळींनी रस्ताच नको म्हटले. शेवटी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांचा सल्ला घेऊन रस्ता ठिकठिकाणी उचलून खांबांवर नेण्यात आला, आणि खालची जमीन जनावरांस मोकळी ठेवण्यात आली. महाराष्ट्राच्या हद्दीत सुमारे १६ किलोमीटरांच्या पट्ट्यात अशा ९ जागा आहेत: पाच खास जनावरांसाठी बांधलेल्या व चार लहान पूल. सर्वांत आखूड ५० मीटरांची, सर्वांत लांब ७५० मीटरांची. इंग्रजीत यास अंडरपास म्हणतात. आम्हांस ‘पुलाखालची वाट’ हेच नाव अधिक आवडते, कारण त्यात वाट हा शब्द आहे, आणि ती वाट रस्त्याहून जुनी आहे.

आमची बस मनसर ओलांडून पुढे गेली तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांस हे सर्व सांगितले होते. मुले दोहों बाजूंच्या खिडक्यांस चिकटून बसली. “सर, पूल केव्हा येणार?” असे दर पाच मिनिटांनी विचारणे चालले होते. थोड्या वेळाने बसचालकाने मागे न पाहता सांगितले, “एक मोठा तर मागेच गेला.” मुलांचा हिरमोड झाला. वरून पाहणाऱ्यास तेथे पाहण्याजोगे काहीच नसते. रस्ता तसाच पुढे जातो, कठडे तेवढे लागतात, आणि झाडांचे शेंडे एकाएकी आपल्या बरोबरीस येतात. आम्ही मात्र वेगळेच काही शोधीत होतो. ते वळण आम्हांस सापडले नाही. रस्ता रुंद झाला, सरळ झाला, कोठे उचलला गेला. जुनी झाडे गेली. कदाचित ते वळण आता एखाद्या पुलाखाली असेल.

खुर्सापारच्या फाटकाशी एका वनरक्षक ताईंनी मुलांस तासभर माहिती दिली. त्यांची शिकविण्याची हातोटी पाहून आम्हांस आपल्या व्यवसायाची थोडी धास्तीच वाटली. २०१९ साली मार्च ते डिसेंबर या काळात या ९ जागी ७८ कॅमेरे झाडांना व खांबांना बांधून ठेवले होते. कोणी समोरून गेले की कॅमेरा आपोआप छायाचित्र घेतो. त्या छायाचित्रांत १८ जातींचे वन्यप्राणी आढळले. चितळे सर्वांत अधिक. त्याखेरीज सांबर, नीलगाय, रानगवा, रानडुक्कर, बिबट्या, रानकुत्री, रानमांजर, ससा. आणि वाघ! अंगावरील पट्ट्यांवरून वाघ एकमेकांपासून ओळखता येतात. तसे ११ निरनिराळे वाघ तेथून एकंदर ८९ वेळा गेले. आपल्या डोक्यावरून मालमोटारी धावत आहेत आणि खालून वाघ सावकाश चालला आहे, ही कल्पनाच मुलांस इतकी भावली की काही वेळ सर्वत्र शांतता पसरली. नववीच्या वर्गात ती आम्ही क्वचितच अनुभवली आहे.

मग प्रश्नांचा भडिमार झाला. “वाघाला कसं कळतं, की वरून न जाता खालूनच जायचं?” हा प्रश्न वर्गातील सर्वांत अबोल मुलाने विचारला, व तोच सर्वांत मोलाचा होता. ताई म्हणाल्या की त्यास शिकवावे लागत नाही, फक्त आपण जागा चुकू नये. जनावरे वाटेल तेथून हिंडत नाहीत. ती नाल्याच्या कडेने, घळीतून, झाडीच्या आडोशाने पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या वाटांनी जातात. त्या वाटा आधी शोधावयाच्या व त्यांवर पूल उचलावयाचा. पूल आपल्या सोयीच्या जागी बांधला व जनावराने तेथे यावे अशी अपेक्षा धरली, तर खर्च फुकट जातो. वाट उंच व रुंद हवी, म्हणजे पलीकडचे रान या टोकाहून दिसले पाहिजे. अंधाऱ्या नळकांड्यात शिरण्यास हरीण धजत नाही. खाली माती व गवत असावे, सिमेंट नव्हे. आणि पुलाच्या दोहों अंगांस कुंपण वा भिंत असावी, की जी रस्त्यावर चढू पाहणाऱ्यास हलकेच वाटेकडे वळवील. पलीकडे सिवनी जिल्ह्यातील पट्ट्यात रस्त्याच्या कडांना सुमारे चार मीटर उंचीचे पडदे उभारले आहेत, ते वाहनांचा आवाज व दिव्यांचा झोत रानात जाऊ नये म्हणून. दिव्यांच्या झोताचे नाव निघाले तेव्हा आम्ही दुसरीकडे पाहिले.

दुसऱ्याने विचारले, “मग वाघ पुलाखालीच दबा धरून बसत नाही का? हरणं आयतीच येतील!” सर्व हसले, पण ही शंका मोठमोठ्या अभ्यासकांसही आली होती. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर जनावरांसाठी अशा ४४ वाटा आहेत, त्यांत ६ रस्त्यावरून जाणारे, माती टाकून झाडे लावलेले रुंद पूल, व ३८ खालच्या वाटा. तेथे हाच प्रश्न तपासून पाहिला असता, शिकारी प्राण्यांनी या जागांचा सापळ्यासारखा उपयोग केल्याचा ठळक पुरावा मिळाला नाही. कुंपण व वाटा या दोहोंच्या योगाने तेथे वाहने व मोठे प्राणी यांच्या टकरी शेकडा ८० हून अधिक कमी झाल्या. तेथील करड्या अस्वलांचा स्वभाव मात्र मोठा संशयी! नव्या पुलावर विश्वास ठेवावयास त्यांस काही वर्षे लागली. काळ्या अस्वलास चिंचोळी, आडोशाची वाट चालते, करड्या अस्वलास उघडी व प्रशस्त लागते. एकाच घरातील दोन भावांची आवड एक नसते, मग दोन जातींच्या अस्वलांची कशी असावी?

या वाटांवर सर्वच आलबेल आहे असेही नाही. पेंचमधील त्याच छायाचित्रांत माणसे व गुरेही आली आहेत. सावली दाट, जागा सपाट, रस्ता जवळ. विसावा घेण्याचा मोह होणारच. जेथे मनुष्याचा वावर वाढला तेथून जनावरे अंग काढून घेतात. सहलीस गेलेल्या कुटुंबांनी पुलाखाली बसून फराळ करू नये, एवढी विनंती ताईंनी आमच्यामार्फत पालकांस केली आहे, ती येथे पोहोचती करतो.

परतताना बसमध्ये वाद रंगला. एक विद्यार्थी म्हणाला की एवढा खर्च कशाला, रात्री रस्ताच बंद करावा. ही सूचना पोरकट नाही. कर्नाटकातील बंदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पातून केरळ व तमिळनाडूकडे जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांस मनाई करण्यात आली, आणि पुढल्याच वर्षी तेथील उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेथे एक पैसाही न खर्चिता रान रात्रीपुरते रानाच्या स्वाधीन केले. यावर दुसरा विद्यार्थी, ज्याचे वडील संत्र्यांच्या मालमोटारीवर आहेत, तावातावाने उठला. उत्तर व दक्षिण जोडणारा रस्ता नऊ तास बंद ठेवला तर फळे वाटेतच सडतील. आजाऱ्यास नागपुरास आणावयाचे झाले तर काय करावे? दोघांनी आमच्याकडे निकालासाठी पाहिले.

आम्हांस निकाल देता आला नाही. आमचे मत विचाराल तर या महामार्गावर पूल उचलणे हाच व्यवहार्य मार्ग होता, आणि जेथे पर्यायी रस्ता उपलब्ध आहे तेथे रात्रीची बंदी अधिक चांगली. मुंबई व नागपूर यांमधील ७०१ किलोमीटरांच्या नव्या समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी वरून व खालून वाटा ठेविल्या आहेत. म्हणजे रस्ता आखतानाच हा विचार करण्याची रीत आपल्याकडे रुजू लागली आहे. जुन्या रस्त्यास मागाहून ठिगळ लावण्यापेक्षा ते स्वस्तही पडते. पण मुलांनी विचारले होते ते बंदीविषयी. आणि २०११ च्या त्या रात्री खवाशाच्या नाक्यावर कोणी आम्हांस अडवून म्हटले असते, की सकाळी सहापर्यंत पुढे जाता येणार नाही, तर आम्ही त्या शिपायाशी कडाक्याचे भांडण केले असते हे आम्ही जाणून आहो. उत्तरपत्रिकांचे कारण सांगितले असते. त्या उत्तरपत्रिका एक दिवस उशिरा मिळाल्या असत्या तर विद्यार्थ्यांस आनंदच झाला असता.

आम्ही ही हकीकत त्याच बसमध्ये सर्वांस सांगितली. कोणी काही बोलले नाही. मनसरच्या अलीकडे, शेवटचा पूल मागे पडला असावा तेव्हा, त्या अबोल मुलाने विचारले, “सर, आत्ता आपण वरून गेलो तेव्हा खाली कोणी असेल का?” बाहेर अंधार पडला होता, कठड्यापलीकडे काहीच दिसत नव्हते. असू शकेल, असे आम्ही म्हणालो.

सहलीनंतर वर्गाने एक काम आपण होऊन हाती घेतले आहे. आपल्या शाळेच्या फाटकापासून तळ्यापर्यंत जो रस्ता जातो, त्यावर वाघ नाहीत, चितळेही नाहीत. परंतु पहिला पाऊस पडला की तळ्याकडे निघालेले बेडूक तेथे शेकड्यांनी चिरडले जातात. हिवाळ्यात ऊन खात पडलेल्या धामणी सापडतात. मुंगसे, सरडे, कधी एखादे उदमांजर. त्यांच्यासाठी कोणी पूल बांधणार नाही, आणि बांधण्याचे कारणही नाही. रस्त्याखाली पाण्याचा एक जुना नळ आहे, तो गाळाने बुजला आहे एवढेच. तो मोकळा केला तर बेडकांस पुरेल की नाही, हे कोणत्या जागी किती जीव मरतात ते कळल्यावाचून सांगता येत नाही. म्हणून मुलांनी एक वही घातली आहे. तीत तारीख, वेळ, प्राणी, कोणत्या झाडाजवळ, मेलेला की जिवंत, असे रकाने आहेत. पहिल्या पानावरील अक्षर इतके गिरमिट आहे की दोन नोंदी आम्हांस वाचता आल्या नाहीत, पण तिसरी स्पष्ट आहे: “मुंगूस, एक, चिंचेजवळ, जिवंत. थांबून बघितले, मग गेले.”

वही विज्ञानाच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर ठेविली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तिची किल्ली शिपाईकाकांपाशी राहील. ज्या पालकांचे सकाळी फिरावयास त्या रस्त्याने जाणे होते, त्यांनीही नोंद करावयास हरकत नाही; मात्र शेवटचा रकाना भरण्यापूर्वी क्षणभर थांबून नीट पाहावे, कारण पावसाळ्यापूर्वी नळ कोठे मोकळा करावयाचा हे त्याच रकान्यावरून ठरणार आहे.